बेडोकमधलं पुण्याचं मेगोहममीटर

सिंगापूरला लोक काय बघायला जातात ते मला माहीत आहे. तोंडातून पाणी सोडणारा सिंह, हॉटेलच्या गच्चीवरचं तळं, विमानतळातला धबधबा. मी गेले ती नऊ किलो वजनाचा एक राखाडी लोखंडी डबा आणायला. लेकीला फोनवर सांगितलं, "मुक्ता, तुझी आणि ईराची फार आठवण येतेय गं." त्यात खोटं काहीच नव्हतं. आठवण येतच होती. डब्याची जरा जास्त येत होती, एवढंच.

हा ब्लॉग ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. मी निर्मला, वय साठ, मुक्काम पुणे. जुनी इलेक्ट्रॉनिक मोजमापाची यंत्रं जमवते: ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, काट्यांचे मीटर. सध्या एक्केचाळीस नग आहेत. आमचे हे त्याला भंगार म्हणतात, मी संग्रह म्हणते. धूळ पुसायची वेळ आली की दोघंही गप्प बसतो.

तर झालं असं की आमच्यासारख्या खुळ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे सिंगापूरच्या एका आजोबांनी फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, की घर बदलतोय, हे फुकट देतोय, पण सुटे भाग काढून विकणाऱ्याला देणार नाही, येऊन भेटा, बोला, मग बघू. फोटो बघितला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. डायलवरची अक्षरं मी ओळखत होते. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं: प्रमाण इन्स्ट्रुमेंट्स, पूना. मी कधीकाळी तिथेच कामाला होते.

अमेरिकेत गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपन्यांवर जाडजूड पुस्तकं निघतात. ट्रंकवाल्याच्या दुकानात सुरू झालेल्या कंपनीवर कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आमचे मालक अण्णा आधी कॉलेजात शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळेत एक परदेशी मीटर आला. अण्णांनी तो दुरुस्तीसाठी उघडला. तो बिघडलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. सहा महिन्यांत त्यांनी स्वतःचा मीटर उभा केला. ट्रान्सफॉर्मर त्यांच्या वहिनी गुंडाळायच्या, जुन्या शिवणयंत्राला चाक जोडून. डबा करायला ट्रंका बनवणारा कारागीर धरला होता, त्यामुळे सुरुवातीच्या नगांना चक्क ट्रंकेची कडी आहे. कुलूप लावता येतं. नावाच्या पट्ट्या अण्णांनी घाऊक छापून घेतल्या होत्या. शहराचं नाव बदलून पुणे झालं तरी आमचे मीटर पट्ट्या संपेपर्यंत 'पूना'चेच राहिले.

पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि पत्र्याची शेड. वायरिंगला आम्ही सहा जणी. मेगोहममीटर हे आमचं खास काम. तारेच्या आवरणातून वीज गळते का, आणि किती, हे तो मोजतो. ही गळती इतकी बारीक असते की मीटर स्वतः आतून जराही गळता कामा नये. म्हणून मागच्या बाजूला, तार जिथे आत शिरते तिथे, चिनीमातीची एक पांढरी गोल चकती असते. तिच्यावर वॉर्निशचा हात मारायचा आणि भट्टीत भाजायचं, म्हणजे दमट हवेचा त्रास नाही. हे काम शालनचं. शालन माझी मैत्रीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सहा जणींत हात तिचाच सगळ्यात चांगला होता.

अडतीस वर्षांपूर्वी आम्हाला परदेशची पहिली ऑर्डर आली. सिंगापूरमध्ये जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डाने नमुन्याला सहा नग मागवले. पसंत पडले असते तर साठ जाणार होते. पेढे वाटले. चार महिन्यांनी पत्र आलं: पाऊस पडला की सहाही मीटर चुकीचं दाखवतात. गळती मोजणारा मीटर स्वतःच गळतो म्हटल्यावर अण्णांचं डोकं फिरलं. त्यांनी ठरवून टाकलं, की वॉर्निश कच्चं राहिलं. शालनला पॅकिंगला बसवलं. दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली आणि पोळीभाजीचं केंद्र काढलं. सोल्डरिंग आयर्न तिने पुन्हा हातात धरलं नाही. तिच्या खुर्चीवर अण्णांनी मला बसवलं. पुढे मी सुपरवायझर झाले, मग पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत लागले. जे काही शिकले ते त्या खुर्चीवर.

आम्ही जुन्या बायका दर जानेवारीत भेटतो. तेव्हा मी शालनला हमखास 'वॉर्निशबाई' म्हणते आणि सगळ्या हसतात. तीही हसते, आणि दरवर्षी म्हणते, "माझं वॉर्निश पक्कं होतं." मी फोटो तिला पाठवला, तर दोन मिनिटांत फोन.

"निर्मे, जातेस का?"

"फुकटात मिळतंय. जाते की."

"उघडून माझं वॉर्निश बघ. कच्चं असेल तर कच्चं सांग. पण खरं सांग."

मी म्हटलं, "सांगते." मनात म्हटलं, आता पुराव्यानिशी चिडवता येईल.

आता कामाचं. व्हिसा एजंटमार्फत काढावा लागतो, चार-पाच दिवस धरून चाला. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर तिथून पळ काढा. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान. तिथे ट्रेन आणि बसला आपलं बँकेचं कार्डच टेकवलं की दार उघडतं, त्यामुळे सुट्ट्या पैशांची कटकट नाही. सामानात मी मुक्तासाठी भाजणी, ईरासाठी चिक्की आणि स्वतःसाठी सहा स्क्रू ड्रायव्हर नेले. स्क्रू ड्रायव्हर चेक-इनच्या बॅगेत टाका.

मुक्ता बुकित पंजांगला राहते. ती आयटीत मॅनेजर आहे आणि तिचं घर इतकं टापटीप, की उशासुद्धा रांगेत उभ्या. दार उघडताच तिने माझ्या बॅगा नजरेने तोलल्या.

"आई, आधीच सांगते. या घरात एकही डबडं येणार नाही."

"अगं, मी तुम्हाला भेटायला आलेय."

"ते मला माहितेय. म्हणूनच आधी सांगतेय."

दहा वर्षांच्या ईराने चिक्की तोंडात कोंबत इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत निकाल दिला, "आजी शुअर बाय समथिंग, लाह."

बुकित पंजांगला घरांच्या मधून फिरणारी छोटी ट्रेन आहे, एलआरटी. ड्रायव्हर नाही. पहिल्याच दिवशी मी खिडकीशी बसले. ट्रेन इमारतींच्या इतक्या जवळून जाते, की कुणाच्या घरी काय शिजतंय ते दिसावं. एका घरात टीव्हीशेजारी मला काट्याचा मीटर दिसल्यासारखा वाटला. मी नाक काचेला लावणार, तोच काच आपोआप पांढरी धुरकट झाली. इमारत आली की खिडक्या अशा धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. इमारत गेली की काच पुन्हा साफ. समोर बसलेल्या बाई माझ्याकडे बघून गालात हसल्या. त्यांनीही कधीतरी नाक लावलं असणार. मी उतरले नाही, अख्खी फेरी पुन्हा मारली. तो मीटर होता की घड्याळ, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नातीला शाळेत आणि लेकीला ऑफिसात पिटाळून रोचोर भागात गेले. तिथे सुट्या भागांची दुकानं असलेली एक जुनी इमारत आहे. आमच्यासारख्यांचं ते देवस्थान, पण भाविक घटत चाललेत. खालच्या मजल्यांवर अजून रेझिस्टर, स्विच, पंखे मिळतात. वरच्या मजल्यावर एका काउंटरमागे जुना ऑसिलोस्कोप दिसला. मी दुकानदाराला किंमत विचारली. तो म्हणाला, "अंटी, दॅट वन नॉट फॉर सेल. दॅट वन माय टेबल." खरंच होतं. त्यावर त्याचा डबा आणि कॉफी ठेवलेली होती. जवळच सुंगेई रोडला पूर्वी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, तो केव्हाच बंद झाला. आता असल्या वस्तूंची माणसं त्यांच्या घरीच गाठावी लागतात.

ज्यांना गाठायचं ते बेडोकला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. बुकित पंजांगहून डाउनटाउन लाइनने बेडोक नॉर्थ. गाडी बदलावी लागत नाही, तासभर लागतो आणि भाडं दोन-अडीच डॉलर. गाडीत एसी इतका जोरात, की शाल न्या. मी लवकर पोचले, म्हणून आधी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या शेडमध्ये, शिरले. कॅरट केक नावाचा पदार्थ दिसला. म्हटलं, चला, गाजराचा केक खाऊ. त्यात गाजर नाही आणि तो केकही नाही. पांढऱ्या मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या असतात. अंडं चालत असेल तर खा, झकास लागतो. शाकाहाऱ्यांनी सरळ भारतीय स्टॉलवरचा थोसई, म्हणजे आपला डोसा, घ्यावा. कॉफीला 'कोपी' म्हणतात. न सांगता मागितली तर घट्ट गोड दूध घालून देतात, आणि माझी त्याला काही हरकत नव्हती.

फोटो टाकणारे आजोबा म्हणजे मिस्टर कोह. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बनियन, चष्म्याला दोरी. सगळं आयुष्य त्याच जहाजांच्या यार्डात मीटर दुरुस्त करण्यात गेलेलं. आता लेकीकडे राहायला निघाले होते, त्यामुळे घरात खोक्यांचे ढीग. त्यांनी सांगितलं, की गुरुवारी करंग गुनी येणार. करंग गुनी म्हणजे इथला भंगारवाला, भोंगा वाजवत दारोदार फिरतो. आज मंगळवार होता.

मीटर टेबलावर होता. डब्याचं मागचं झाकण काढलेलं. वीज चालू. कोह अंकलनी मला खुणेनेच सांगितलं, की हं, बघा. मी चष्मा लावला, उजव्या हातात पाना घेतला आणि सवयीने डावा हात पाठीमागे नेला. उघड्या यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा पाठीशी, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट.

कोह अंकल हसले. "ओके. यू वर्क बिफोर."

मी म्हटलं, "हा मीटर आमच्याच शेडमध्ये झालाय."

मग त्यांनी खुर्ची दिली, बिस्किटांचा डबा दिला आणि अडतीस वर्षांचं गाऱ्हाणं दिलं. सहा मीटर आले होते, त्यांच्याच हाताखाली. एसीच्या खोलीत एकदम चोख. यार्डात पावसात नेले की काटा घसरायचा. त्यांनी सगळं धुतलं, सुकवलं, तारा बदलल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी पाच भंगारात गेले. हा सहावा त्यांनी घरी आणला, कॅमेरे ठेवायच्या कोरड्या कपाटात ठेवला. का, तर कोडं सुटलं नव्हतं म्हणून. "व्हेरी गुड मीटर," ते म्हणाले, "ओन्ली रेन, कॅनॉट."

"वॉर्निश कच्चं असेल," मी म्हणाले. आवाजात जरा खुशीही होती, हे कबूल करते.

"नो, नो. वॉर्निश व्हेरी नाइस. यू सी."

मी वाकून बघितलं. चिनीमातीची पांढरी चकती. तिच्यावर शालनचं वॉर्निश काचेसारखं चमकत होतं, कुठे चीर नाही, फोड नाही. आणि बरोबर मधोमध, तार जिथून आत शिरते तिथेच, एक लाल ठिपका. तारेपासून खाली डब्याच्या लोखंडापर्यंत ओघळलेला. कडेला किंचित पिवळं.

"दॅट वन फॅक्टरी सील," कोह अंकल अभिमानाने म्हणाले. "ऑल सिक्स सेम प्लेस. आय क्लीन एव्हरीथिंग. बट द सील, आय नेव्हर टच."

वाचकांना सांगते, मीटर बरोबर लावून झाला की त्याच्या स्क्रूवर लाल रंगाचा थेंब सोडायची पद्धत सगळीकडे असते. त्याचा अर्थ, याला हात लावू नका. दुसऱ्याने लावलेलं सील चांगला कारागीर मोडत नाही. म्हणून या भल्या माणसाने यंत्राचा कानाकोपरा धुतला आणि तेवढा ठिपका अडतीस वर्षं जपला.

ते सील नव्हतं. ते हळदकुंकू होतं. आणि ते मी लावलं होतं.

सगळं डोळ्यापुढे आलं. मीटर खोक्यात भरायच्या आदल्या दुपारी सगळ्या जेवायला गेल्या होत्या. पोरी पहिल्यांदा सासरी निघाल्यासारखे ते सहा मीटर रांगेत. समुद्रापार जाणार, रिकाम्या कपाळाने कसे पाठवायचे? खंडेनवमीला आम्ही हत्यारांना लावायचोच की. बाहेर लावलं असतं तर राखाडी रंग खराब झाला असता आणि अण्णा ओरडले असते. म्हणून मागची झाकणं काढली. ती पांढरी गोल चकती मला अगदी कपाळासारखी दिसली. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वरून पाण्याचा हात, म्हणजे नीट बसेल. सहाही जणींना. झाकणं लावली आणि डबा खायला बसले. वयाच्या बाविसाव्या वर्षी मला एवढी अक्कल होती.

मी चकतीवरून नजर काढेना, तसे अंकल विचारू लागले, "व्हाय? सील समथिंग राँग?"

खरं सांगते, माझ्या तोंडात "नो, नो, व्हेरी गुड सील" हे आलं होतं. मीटर बॅगेत टाकायचा, पुण्याला जाऊन ठिपका पुसायचा, कुणाला काय कळणार? पण समोर अडतीस वर्षं कोड्यात पडलेला म्हातारा बसलेला. शिवाय माझ्यातली लॅबवाली बाई गप्प बसेना. आधी खात्री तर करायला हवी. कुंकू कोरडं असताना काही करणार नाही. दमट हवेत मात्र ते ओल धरतं, आणि त्यातून वीज डब्याकडे वाट काढते. तपासायला सोपं होतं.

"तुमच्याकडे नळी आहे का?" मी विचारलं. त्यांनी कालच्या बबल टीचा जाडा स्ट्रॉ धुऊन दिला. मीटरला काहीही जोडलेलं नव्हतं. अशा वेळी काटा अनंताच्या खुणेवर उभा राहायला हवा, आणि तसा होता. मी डावा हात पाठीमागे ठेवून स्ट्रॉमधून लांबूनच चकतीवर तोंडाची वाफ सोडली. काटा लगेच घसरला. पाचेक मिनिटांनी परत वर आला. पुन्हा वाफ सोडली, पुन्हा घसरला.

मग वीज बंद केली, दहा मिनिटं थांबले, त्यांच्या परवानगीने कोमट पाण्याच्या फडक्याने ठिपका पुसला आणि केस वाळवायच्या यंत्राने चकती कोरडी केली. फडक्यावर लाल-पिवळा डाग. खाली वॉर्निश जसंच्या तसं. पुन्हा वीज. पुन्हा वाफ.

काटा अनंतावरच. अंकलनी स्ट्रॉ माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः गाल फुगवून फुंकलं. मग आणखी एकदा. काटा हलला नाही.

मी त्यांना सांगितलं, ते कुंकू होतं, नव्या वस्तूला आम्ही लावतो, देवाचं म्हणून. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले ते इतके, की चष्मा दोरीवर लोंबकळला.

"वी ऑल्सो प्रे," ते डोळे पुसत म्हणाले, "वर्कशॉप ऑल्सो हॅव गॉड. बट आउटसाइड, लाह! आउटसाइड!"

मीही हसले. मला वाटलं, झालं, इतकंच. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे मग या प्रकरणात बोलणी कुणी खाल्ली?

"माझ्या मैत्रिणीने," मी म्हटलं. "तिची नोकरी गेली. तिच्या जागी मला बसवलं."

ते हसायचे थांबले. "दॅट वन," ते म्हणाले, "नॉट फनी." आणि उठून मीटर बांधायला दोरी शोधू लागले.

बेडोकहून परतताना तासभर मांडीवर नऊ किलो होते, पण मला ते जाणवले नाहीत. शालनचे तीन मेसेज आले होते. शेवटचा: 'उघडलंस का?' मी उत्तर दिलं, 'इथे नेटवर्क नाही.' सिंगापूरमध्ये. जमिनीखालच्या ट्रेनमध्येसुद्धा जिथे व्हिडिओ अडकत नाही, तिथून. बाविसाव्या वर्षीची अक्कल साठीतही शाबूत होती म्हणायची.

घरी मुक्ता यायच्या आत लपवायला हवं होतं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये एक जाड पोलादी दाराची छोटी खोली असते, युद्ध झालं तर जीव वाचवायला. एरवी लोक तिथे तांदूळ आणि सूटकेस ठेवतात. मी मीटर तांदळाच्या पोत्यामागे ठेवून वर घोंगडी टाकली. रात्री जेवताना ईरा शांतपणे म्हणाली, "मम्मी, आजी हाइड समथिंग इन द बॉम्ब शेल्टर."

मुक्ताने वरणाची पळी खाली ठेवली. "आई."

मग मी सगळं सांगितलं. शालनमावशी मुक्ताला लहानपणापासून माहीत. तिच्याच केंद्रातल्या पोळ्या खाऊन ती मोठी झाली. ती ओरडली नाही. मीटर स्वतः उचलून तिने जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, त्या टापटीप घरात, आणि म्हणाली, "हा तू मावशीकडेच नेणार आहेस ना?" मी तोवर तसा विचार केला नव्हता. बेचाळिसावा नग म्हणून मी फडताळावर जागासुद्धा करून आले होते.

परतीच्या टिपा: असलं यंत्र हातातल्या बॅगेत न्या, चेक-इनला दिलं तर काच शाबूत राहत नाही. वजन जास्त भरलं म्हणून मी लोखंडी झाकण काढून वेगळं सूटकेसमध्ये टाकलं. चांगीला गेटपाशी तपासणी होते. तिथल्या पोराने पडद्यावर बघून विचारलं, "अंटी, दिस वन व्हॉट?" मी म्हटलं, हे किती विश्वास ठेवायचा ते मोजतं. त्याने साहेबाला बोलावलं. चेष्टा करू नका, सरळ 'मीटर' म्हणा. मुंबईच्या कस्टमला साहेबांनी नावाची पट्टी वाचली. "बाई, सिंगापूरहून पुण्याचा माल आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," ते म्हणाले आणि जाऊ दिलं.

घरी आल्यावर आठ दिवस काढले. जेट लॅग म्हणून चार, सर्दी म्हणून चार. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे आहे, त्यामुळे जेट लॅगवर कुणाचा विश्वास बसला नाही. नवव्या दिवशी रिक्षात मीटर घालून धनकवडीला शालनकडे गेले. तिने ओट्यावरचं पीठ बाजूला सारलं आणि जागा केली. मी झाकण काढलं. तिने चष्मा लावला, चकतीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी एका दमात सांगून टाकलं. जेवणाची सुट्टी, सहा कपाळं, पाण्याचा हात, कोह अंकल, फडकं. दरवर्षी तिला चिडवल्याचंही बोलले.  मला फार लाज वाटत होती.

शालनने चकतीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "अण्णा आता नाहीत."

"नाहीत."

"त्यांना कळायला हवं होतं गं."

 तिने हात धुतले, पदराला पुसले. "जानेवारीत सगळ्या येतील तेव्हा तू सांगायचंस. मी नाही. तू." मी हो म्हटलं. आणि सांगितलं. मी कुंकवाशी आले तेव्हा बायका पोट धरून हसल्या, आणि मग एकेक जण शालनकडे बघून गप्प होत गेली.

लोक विचारतात, सिंगापूरहून काय आणलंस? संग्रहात अजून एक्केचाळीसच नग आहेत. तो मीटर शालनच्या घरी, गव्हाच्या डब्याशेजारी असतो. मला जाऊन बघायची मुभा दर मंगळवारी. जुलैत एकदा गेले तेव्हा सकाळपासून पाऊस लागून राहिला होता, भिंतींना ओल आलेली. शालनने दार लावलं, मीटर चालू केला, डावा हात पाठीमागे नेला आणि वाकून चकतीवर स्वतः तोंडाची वाफ सोडली. काटा अनंतावर उभा. ती तशीच वाकून बघत राहिली.

"निर्मे," ती म्हणाली, "हात चांगला होता गं माझा."

"हो," मी म्हटलं.